चौथा डाव

ताईला झटका आला तेव्हा ती फोनवर होती. पिंपळनेरच्या बाजूला विहिरीचं काम करणारा एक माणूस क्रेनवरून पडला होता आणि त्याचा भाऊ फोनवर नुसता ओरडत होता. ताईने त्याच्याकडून गावाचं नाव, फाटा, विहिरीजवळची पाण्याची टाकी, सगळं शांतपणे काढून घेतलं. साक्रीची रुग्णवाहिका रवाना केली. मग शेजारच्या खुर्चीवरच्या सहकाऱ्याला म्हणाली, "माझा उजवा हात कुठे गेला बघ जरा."

हात टेबलावरच होता. तिला तो जाणवत नव्हता. त्यानंतरची गाडी निघाली ती तिच्यासाठी.

मृदुला खैरनार, वय सत्तेचाळीस. धुळे जिल्ह्याच्या रुग्णवाहिका नियंत्रण कक्षात एकोणीस वर्षं ती त्या खुर्चीवर बसत होती. जिल्ह्यात गाड्या बावीस. कुठली गाडी कुठे पाठवावी हे आता यंत्र सुचवतं, पण होकार माणसाचाच लागतो, आणि ताई यंत्राचं दहातून दोनदा ऐकायची नाही. मोठा अपघात झाला, सगळे 'सगळ्या गाड्या पाठवा' म्हणून ओरडायला लागले, तरी ती एक गाडी हमखास मागे ठेवायची. ड्रायव्हर तिच्यावर चिडायचे. पण तासाभरात त्या मागे ठेवलेल्या गाडीची गरज पडली नाही असं क्वचितच व्हायचं.

मी श्रीरंग, तिचा धाकटा भाऊ. तेरा वर्षांनी लहान. आई-बाबा लागोपाठ गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. पुढचं सगळं तिने केलं. लग्नाचा विषय निघाला की म्हणायची, "एक पोरगं वाढवून झालंय माझं, आता दुसरं नको."

त्या पोराने पुढे नाशिकला जाऊन पत्त्यांचे गेम बनवायला घेतले.

आमच्या गेमचं नाव सातघाट. तुम्ही एक वाटसरू. सुरुवातीला जवळ दहा साधे पत्ते, काही वाराचे, काही ढालीचे. वाटेत सात घाट, आणि प्रत्येक घाटात कोणीतरी आडवं येतं. गठ्ठा पिसला जातो, पाच पत्ते हातात येतात, त्यातले तीन खेळता येतात. समोरच्याला हरवलंत की तीन नवे पत्ते मांडले जातात. त्यातला एक उचलायचा, नाहीतर तिन्ही सोडून पुढे जायचं. असा हळूहळू तुमचा स्वतःचा गठ्ठा तयार होतो. पण एकदा मेलात की जमवलेलं सगळं जातं. पुन्हा दहा पत्ते, पुन्हा पहिला घाट, आणि या वेळी घाट वेगळे, समोरचे वेगळे. म्हणून वाट पाठ करून भागत नाही. सातही घाट पार केलेत तर पुढची पायरी उघडते; खालच्या पायऱ्या हव्या तेव्हा पुन्हा खेळता येतात. अशा वीस पायऱ्या, प्रत्येकीवर एक नवी अडचण.

या धंद्यात अवघडपणा हाच माल असतो. फार सोपं झालं की माणूस कंटाळतो, फार अवघड झालं की चिडून सोडून देतो. आणि एकाला सोपं ते दुसऱ्याला अवघड. त्यावर आम्ही 'तोल' नावाची प्रणाली बनवली. कपाळाला रिबिनीएवढी पट्टी बांधायची; ती नाडी आणि त्वचेचा ओलावा मोजते. पडद्यावरचा कॅमेरा बुबुळांकडे बघतो. तुम्ही किती वेळ घुटमळता, कुठला पत्ता उचलायला जाता आणि परत ठेवता, हे गेमला कळतंच. एवढ्यावरून तोल ठरवायचा की तुम्ही कंटाळताय, की शिकताय, की हात टेकायला आलात. आमच्या मोजणीत असं दिसलं होतं की सहा डावांत एखादा हरणारा माणूस सगळ्यात लवकर शिकतो. तोल प्रत्येकाला त्या रेषेजवळ ठेवायला बघायचा.

कसा, ते बाहेर कोणाला माहीत नव्हतं. तोल समोरच्या शत्रूला हात लावत नसे. तसं केलं तर खेळाडूला कळतं. तो फक्त पिसण्यात ढवळाढवळ करायचा. पिसलेल्या गठ्ठ्याच्या आत कोण बघतं? हवा असलेला पत्ता चार पत्ते आधी आला, तर माणूस म्हणतो, आज नशीब चांगलं आहे.

मेंदूला इजा झालेल्या लोकांच्या उपचारासाठी पुनर्वसन केंद्रांनी हा गेम घेतला तेव्हा एक वेगळीच अडचण आली. हे लोक आधीच खचलेले. सलग तीन डाव हरले की पट्टी काढून ठेवायचे आणि परत यायचेच नाहीत. तिसऱ्या आठवड्यापर्यंत शंभरातले चाळीस गळायचे. मग मी तोलमध्ये एक कलम घातलं, अवघ्या अकरा ओळींचं. तीन हार झाल्या की चौथा डाव जिंकू द्यायचा. शेवटच्या घाटापर्यंत जीव टांगणीला लावून, पण जिंकू द्यायचाच. गळणारे चाळिसावरून सहावर आले. ऑफिसात आम्ही त्या दिवशी पेढे वाटले होते.

दोन वर्षांनी भलत्याच खात्याकडून एक नियम निघाला. जोखमीच्या कामावर परत जाऊ इच्छिणारा रुग्ण सातघाटची बारावी पायरी चढला असेल, तर त्याची निर्णयक्षमता पूर्ववत आहे असं समजावं. टँकरचालक, क्रेनचालक, भूलतज्ज्ञ, सगळ्यांसाठी. तेव्हा मला माझ्या अकरा ओळी आठवल्या का? आठवल्या. वाटलं, एवढ्याशा ढकलण्याने काय होतंय, बाकीचं तर तेच खेळतात. आणि मी गप्प बसलो.

ताईचा झटका त्यानंतर सव्वा वर्षाने आला.

पक्षाघाताने गेलेला हात दोन महिन्यांत बराचसा परत आला. पण कपाळामागचा जो भाग पुढचा विचार करतो, तिथे मार बसला होता. ती चहा ठेवायची आणि पातेल्यात पाणी घालायचं राहून जायचं. रस्ता ओलांडताना एकाच बाजूला बघायची. मी तिला नाशिकला माझ्याकडे आणलं. सकाळी केंद्रात व्यायाम, दुपारी दोन तास सातघाट.

पहिले तीन डाव ती पहिल्याच घाटात मेली. मग एका दुपारी जिंकली आणि मला ऑफिसात फोन केला. "श्री, पहिली पायरी झाली! आणि अरे, मी चहासुद्धा नीट केलाय." तिचा तो आवाज ऐकून मी बाथरूममध्ये जाऊन रडलो होतो. त्या दिवशी मला तोलबद्दल जेवढा अभिमान वाटला तेवढा कधीच वाटला नव्हता.

पाच महिन्यांत ती सतराव्या पायरीवर पोचली. धुळ्याच्या वैद्यकीय मंडळापुढे जायची तारीख मिळाली, सोमवारची. तिने नवी साडी काढून ठेवली.

त्याआधीच्या बुधवारी मी घरून काम करत होतो. पाणी प्यायला उठलो आणि सहज तिच्या मागे उभा राहिलो. सहावा घाट चालू होता. तिचे आठ प्राण उरलेले, समोरच्याचा पुढचा वार अकराचा. हातात दोन ढाली होत्या. तिने तिन्ही पत्ते वाराचे खेळले.

"ताई, ढाल का नाही लावलीस?"

"कशाला? घायाळ झाला की त्याचा वार अर्धा होतो. एक कट्यार आली की झाला तो घायाळ."

"पण तुझ्या हातात कट्यार नाहीये."

"येईल ना. ही चाल संपली की एक पत्ता जादा मिळतो मला, तोही खेळता येतो." तिने मागे वळून बघितलंही नाही.

जादा पत्ता आला. कट्यारच होती.

गठ्ठ्यात तेवीस पत्ते शिल्लक होते, त्यांत कट्यारी दोन. अकरात एकदा जमणारी गोष्ट. पण मला धक्का बसला तो ती आल्याचा नाही, तर ती येणार याची ताईला तिळमात्र शंका नव्हती त्याचा. तिची नाडीसुद्धा हलली नव्हती. पट्टीवरचा आकडा माझ्यासमोर होता.

मी तिच्या सगळ्या डावांच्या नोंदी उघडल्या. पहिल्या महिन्यात ती दर हाताला किमान एक ढाल राखून असायची. जसजशा पायऱ्या वाढल्या तसतसं राखणं कमी होत गेलं, आणि चौदाव्या पायरीनंतर ते जवळजवळ थांबलंच. मी दुसऱ्या रुग्णांच्या नोंदी लावून पाहिल्या, नावं काढून. शंभर, मग चारशे, मग प्रमाणपत्र मिळालेले सगळे एकोणीसशे. सगळ्यांची रेघ तशीच खाली उतरत होती.

त्या लोकांचं काही चुकत नव्हतं. इजा झालेला मेंदू नव्याने शिकत होता, आणि जे समोर घडतं तेच शिकत होता. तोलच्या जगात संकट आलं की मदत येते. जितके जास्त अडचणीत, तितकी हमखास. तिथे राखून ठेवणारा हरतो आणि झोकून देणारा जिंकतो. आम्ही एकोणीसशे माणसांना अगदी काळजीपूर्वक, रोज दोन तास, हे शिकवलं होतं. आणि मग त्यांना टँकर चालवायला पाठवलं होतं.

गुरुवारी मी जे केलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. ताईला न सांगता मी तिच्या गेममधला तोल बंद केला. मला खात्री करून घ्यायची होती, असं मी स्वतःला सांगितलं.

ती सतराव्या पायरीवर तिसऱ्या घाटात मेली. मग दुसऱ्या. मग पुन्हा दुसऱ्या. सात डाव झाले आणि एकदाही चौथा घाट दिसला नाही. सातव्या डावानंतर तिने पट्टी काढली, उजवा हात डोळ्यांसमोर धरला, मूठ उघडून-मिटून पाहिली. मग उठली आणि आरशासमोर जाऊन जीभ बाहेर काढून बघू लागली, ती वाकडी तर जात नाही ना म्हणून.

"श्री," ती म्हणाली, "गाडी काढ. मला परत झटका आलाय."

"नाही आलेला ताई."

"तुला काय कळतं? डोकं चालत नाहीये माझं. काल जमत होतं ते आज जमत नाहीये."

"काल पण जमत नव्हतं," मी म्हणालो. आणि मग सगळं सांगितलं.

तिने मधे एकदाही टोकलं नाही. फोनवरच्या माणसाचं ऐकायची तसं ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे तू मला जिंकवत होतास."

"मी नाही, तोल..."

"तोल कोणी लिहिला?"

मी टेबलावरची पट्टी गुंडाळायला लागलो.

"आणि आज मला न सांगता बंद केलास. मी घाबरले ते बघत बसलास. सात डाव."

"मला माफ कर."

"ते नंतर. आकडा सांग. माझे म्हणून किती जिंकले असते मी?"

ते मी आदल्या दिवशीच काढून ठेवलं होतं. "दोनशे बारापैकी एकसष्ट. नवव्या पायरीच्या वर एकही नाही."

ती स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. मी दारात जाऊन उभा राहिलो तर धुतलेलीच भांडी ती पुन्हा धूत होती.

"नववी म्हणजे काही वाईट नाही," पाठमोरीच म्हणाली. "पासच्या बाराव्या पायरीला तीनच कमी. मग सोमवारी जाऊ नको का मी? त्या खुर्चीवर बसले की येईल मला. एकोणीस वर्षं केलंय." थोड्या वेळाने नळ बंद केला. "बघ, आत्ता मी काय म्हणाले? येईल म्हणाले."

शुक्रवारी मी रेवतीकडे गेलो. कंपनी तिची, आम्ही दोघांनी एका खोलीत सुरू केलेली. तिने सगळे तक्ते पाहिले आणि दोन्ही हातांनी डोकं धरून बसली.

"तू म्हणतोस ते खरं आहे," ती म्हणाली. "पण ते कलम नव्हतं तेव्हाचं तुला आठवतंय ना? ती माणसं घरी पलंगावर पडून होती. त्यातली काही अजून तशीच आहेत. आज सगळ्यांना सांगायचं की तुमचं जिंकणं खोटं होतं? मला महिनाभर दे. मी काहीतरी मार्ग काढते."

"महिन्यात असे आणखी पन्नास लोक गाडीवर चढतील."

"आणि पाचशे उपचार सोडतील. ते कोण मोजणार?"

तिचं चुकत होतं असं मी म्हणू शकलो नाही. आजही म्हणत नाही.

पण महिन्याचा प्रश्न उरलाच नाही. सोमवारी ताई मंडळापुढे गेली. अध्यक्ष होत्या डॉ. गद्रे, करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सतरावी पायरी बघून सही करायला पेन उचललं. ताई म्हणाली, "मॅडम, सही करू नका. हा माझा भाऊ बाहेर बसलाय, त्याला आत बोलवा. मला खुर्चीवर बसवायचं की नाही ते मग ठरवा."

मी आत जाऊन तक्ते मांडले. ताई खिडकीबाहेर बघत होती. नवी साडी होती अंगावर.

पंधरा दिवसांत एकोणीसशे प्रमाणपत्रं स्थगित झाली. रेवतीने आदेशाची वाट न बघता स्वतःच रुग्णांच्या गेममधला तोल चौथ्या डावासकट काढून टाकला आणि रुग्णांना पत्र लिहिलं. माझ्याशी ती तीन महिने कामापुरतंच बोलली. आणि तिचा अंदाज खरा ठरला. गळती पुन्हा चाळिसावर गेली.

प्रमाणपत्र गेलेल्यांतल्या एकाने ताईचा नंबर शोधून फोन केला. तुळशीराम वाघ, शिंदखेड्याचे, दूध डेअरीचा टँकर चालवणारे. चार महिने पुन्हा गाडीवर होते. आता घरी.

"तुमची खुर्ची गेली म्हणून आमचं स्टेअरिंग पण घालवलं का?" ते ओरडले. "एक ओरखडा नाही गाडीला. विचारा डेअरीत!"

"कधी येऊ तुमच्याकडे?" ताईने विचारलं.

"कशाला?"

"खेळायला."

ती तोवर धुळ्याला स्वतःच्या घरी परतली होती. माझ्याशी बोलायची, पण मोजकं. त्या दिवशी मात्र फोन करून म्हणाली, "गाडी घेऊन ये. शिंदखेड्याला जायचंय." मी लगेच निघालो.

तुळशीरामांनी आम्हाला बसा म्हटलं नाही. त्यांच्या बायकोने खुर्च्या दिल्या. ताईने टॅब काढून पहिली पायरी लावली. पट्टी नाही, तोल नाही. तुळशीराम खेळले आणि दिसेल तो पत्ता उचलत गेले. तिसऱ्या घाटापर्यंत त्यांच्या गठ्ठ्यात सव्वीस पत्ते झाले, आणि ढाल हवी तेव्हा येईना.

"बघा! पिसणं खराब आहे तुमचं," ते म्हणाले.

"पिसणं सरळ आहे आता. गठ्ठा जड झालाय तुमचा. तो परशू कशाला घेतलात?"

"चांगला होता. का सोडू?"

"चांगलाच होता. पण दहा पत्त्यांत दोन ढाली असल्या तर बहुतेक खेपेला एक तरी दिसते. सव्वीसमध्ये दोन असल्या तर वाट बघत मरायचं. मी पण तेच करत होते. आपल्याला लागायचं तेव्हा कोणीतरी काढून द्यायचं ना."

ते हरले. पुन्हा हरले. पाचव्यांदा हरले तेव्हा टॅब पलंगावर फेकून उठले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. मला वाटलं आता आम्ही निघावं. ताई तिथेच बसून राहिली. दहा मिनिटांनी ते परत आले आणि त्यांनी विचारलं, "तुम्ही असे किती वेळा हरलात?"

"तोल काढल्यावर? एकशे चौदा."

"मग कशाला खेळता?"

ताईने पलंगावरचा टॅब उचलला. "आता हरले की कळतं, कुठे चुकले आणि कुठे नुसतंच पिसणं वाईट होतं. आधी ते कळायचं नाही. पुन्हा लावू का?"

तुळशीराम बसले.

ती दर आठवड्याला जायला लागली. मग शिरपूरच्या एका बाईंकडे, दोंडाईच्याच्या एका मास्तरांकडे. तुळशीराम दुसरी पायरी चढले आणि तेही एकदोघांच्या घरी जाऊन बसू लागले. वर्षाच्या शेवटी मी मोजलं तेव्हा जिथे कोणीतरी शेजारी बसत होतं तिथे गळती शंभरात आठ होती. माझ्या अकरा ओळींनी सहा केली होती. फरक दोघांचा. मी तो तक्ता रेवतीला दाखवला. ती त्या दोन आकड्यांवर बोट ठेवून म्हणाली, "या दोघांना शोधायला हवं."

डॉ. गद्रेंनी नवी परीक्षा आखली, मी ती बांधली. बारा डाव, आधीच पिसून बंद केलेले, सगळ्यांना तेच. आणि जिंकणं-हरणं मोजायचंच नाही. प्रत्येक चालीला समोर जेवढं दिसत होतं, तेवढ्यावरून निर्णय बरोबर होता का, फक्त तेवढंच. तुळशीराम त्यात दोन गुणांनी राहिले. डेअरीत त्यांना टँकर भरून घेण्याचं काम मिळालं आहे. पुढच्या वर्षी पुन्हा बसणार म्हणतात.

ताईच्या परीक्षेच्या दिवशी मी बाहेर बाकावर बसलो होतो. साडेतीन तासांनी ती आली. चेहरा ओढलेला.

"सात हरले," ती म्हणाली.

तिने मंडळाचा कागद पुढे केला. बारा डावांतल्या चारशे एकसष्ट चालींपैकी चारशे अठ्ठावीस बरोबर. कामावर रुजू होण्यास हरकत नाही.

"शेवटचा तर अगदी हातातोंडाशी आला होता," जिना उतरताना ती म्हणाली. "ढाल ठेवली म्हणून हरले. झोकून दिलं असतं तर जिंकले असते."

"मग?"

"मग काय? परत तसाच आला तरी ढालच ठेवीन." आणि कित्येक महिन्यांनी तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. उजवा हात. पायऱ्या उतरायला आधार हवा म्हणून असेल.

ती खुर्चीवर बसायला लागली. तिसऱ्या आठवड्यात, एका दुपारी, सोनगीरच्या परिसरातून तीन मिनिटांच्या अंतराने दोन फोन आले. दोन वर्षांच्या मुलीच्या घशात शेंगदाणा अडकला होता. आणि एकसष्ट वर्षांच्या एका गृहस्थांच्या छातीत दुखत होतं. जवळ गाडी एकच. ताईने ती मुलीकडे पाठवली आणि दुसरी धुळ्याहून काढली, सव्वीस मिनिटांच्या अंतरावरून. मुलगी वाचली. गृहस्थ गाडी पोचायच्या आत गेले.

मला कळलं तेव्हा मी सगळ्या नोंदी मागवून घेतल्या आणि हिशेब मांडला. त्या क्षणी जे माहीत होतं त्यावरून हाच निर्णय बरोबर होता, कसंही मोजलं तरी. शनिवारी तिच्याकडे जाऊन तो कागद तिच्यासमोर ठेवला. तिने तो नीट वाचला.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "उद्या मोकळा आहेस का? सोनगीरला जायचंय, ते गेले त्यांच्या घरी."

"ताई, असं कोणी जात नाही. ते चिडतील. आणि तुझं चुकलेलं नाहीये, हा कागद..."

"तो कागद घरी ठेवून ये."

रविवारी सकाळी आम्ही गेलो. मंडप अजून दारात होता, चपलांची रांग बाहेर रस्त्यापर्यंत आली होती. मी गाडी समोरच्या बाजूला लावली आणि दार उघडायला लागलो.

"तू इथेच थांब," ती म्हणाली.

तिने पदर सावकाश सारखा केला, दोन्ही बाजूंना बघून रस्ता ओलांडला, आणि चपला काढून आत गेली.